आमची वाटचाल : बोटीवरच्या वायरलेसची दुरुस्ती

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आम्ही दुकान थाटले तेव्हा वायरलेस बिघडला की सर्रास आख्खा बोर्डच बदलला जात असे. बोटमालकाला तो खर्च झेपत नसे. म्हणून सेटमधला सिग्नल टप्प्याटप्प्याने तपासून नेमका दोष शोधायचा, ही पद्धत आम्ही धरली.

व्हीएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीच्या) सेटचे चॅनल १६, म्हणजे संकटात हाक देण्याचे चॅनल, १५६.८ मेगाहर्ट्झवर असते. अँटेनावर येणारा सिग्नल मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा क्षीण असू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या अनेक सेटमध्ये तो वाढवून, सेटमध्येच तयार होणाऱ्या १३५.४ मेगाहर्ट्झच्या लहरीत मिसळला जातो आणि दोहोंतला २१.४ मेगाहर्ट्झचा फरक पुढे जातो. चॅनल बदलले की आतली लहरही तेवढीच सरकते, फरक कायम राहतो. त्यामुळे पुढचा क्रिस्टल फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच पुढे जाऊ देणारी स्फटिकाची चाळणी) एकाच फ्रिक्वेन्सीसाठी काटेकोर बनवता येतो आणि २५ किलोहर्ट्झवरचे शेजारचे चॅनल बाहेर ठेवता येते. मग सिग्नल ४५५ किलोहर्ट्झवर उतरतो आणि त्यातून आवाज वेगळा काढला जातो. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या या रचनेबद्दल आम्हाला आजही मनापासून आदर वाटतो.

बोलण्याचे बटण दाबले की अँटेना रिसीव्हरकडून सुटून ट्रान्समीटरला जोडली जाते. २५ वॅट बाहेर टाकताना सेट बॅटरीतून पाच-सहा अँपिअर ओढतो. तार बारीक किंवा जोड सैल असेल तर व्होल्टेज कोसळून सेट बंद पडतो, आणि दोष मात्र सेटच्या माथी मारला जातो.

खाऱ्या हवेचा मार त्याहून वाईट. कनेक्टर उघडला की आतले तांबे हिरवे पडलेले आणि केबलची जाळी काळवंडलेली दिसते. अशी बोट बंदरात असताना सगळे स्वच्छ ऐकू येते, पण खोल समुद्रातून तांडेलाची (बोटीच्या प्रमुखाची) हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि खराब जोडामुळे अँटेनाकडून परतून येणारी शक्ती शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवत राहते. त्यामुळे केवळ टेबलावर दुरुस्ती न करता, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटींवर जाऊन डोलकाठीपर्यंतची केबल तपासण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. आज आमचा बहुतांश व्यवसाय त्यावरच उभा आहे.

या कामात आता मच्छिमार कुटुंबांतली मुलेही तयार झाली आहेत. अँटेनाकडे किती वॅट जातात आणि किती परत येतात, हे तांडेलाला मीटरवर दाखवल्याशिवाय त्यांच्यापैकी कोणीही सेट ताब्यात देत नाही.