कुलकर्णी का भट्टा, इंदूर

इंदूरला जाऊन आले म्हटलं की जो तो पहिल्यांदा सराफ्याचं विचारतो. भुट्ट्याचा कीस खाल्लास का, शिकंजी प्यायलीस का. मी सराफ्यात गेलेच नाही. राजवाडा पाहिला तो रात्री अडीच वाजता, माणसांच्या डोक्यांवरून. लालबाग, खजराण्याचा गणपती, छप्पन दुकान, काही काही नाही. मी पाहिला तो बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा.

आधी मागचं सांगते. माझे वडील नाशिकला, सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. ‘माझं कुणी नाही’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्या मुली आत्याकडे, काकांकडे जायच्या आणि मी वाड्याच्या पायरीवर बसून असायची. आईला मात्र माहीत होतं की दर महिन्याला बाबांची एक मनीऑर्डर जाते. पोस्टमन पोच आणून द्यायचा, तिच्यावर एका बाईची सही असायची. आई त्यावर कधी बोलली नाही. एकदा, मी कॉलेजात असताना, तिनं माझ्यासमोर ती पोच वाचली, घडी घातली आणि डाळीच्या डब्याखाली सरकवली. तिच्या तोंडाकडे बघून मी काय ते समजले. बाबांचं दुसरं घर आहे, असं आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द न बोलता धरून चाललो.

२०१३ साली बाबा गेले, तीन वर्षांनी आई गेली. २०१८ मध्ये माझा नवरा आम्हाला सोडून गेला, आणि तो खरोखरच दुसरीकडे गेला. तेव्हापासून मी डबे करते. सकाळी चौतीस, संध्याकाळी बावीस. सात वर्षांत सलग दोन दिवसांच्या वर डबे बंद ठेवले नव्हते, कारण तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुसरीकडे लागतं. बाबांची ट्रंक दर वेळी खोली बदलताना बरोबर नेली, पण उघडली नाही. नवऱ्याचा राग मी बाबांवर काढत होते.

यंदा जुलैत खोलीत पाणी शिरलं. ट्रंक खालून भिजली, म्हणून कागद पंख्याखाली पसरले आणि तेव्हा सगळ्या पोचा पहिल्यांदा एका वेळी पाहिल्या. वरच्या पोचांवर तीच सही, नुसतं पहिलं नाव. पण १९९७ च्या आधीच्या पोचांवर सही नव्हतीच. अंगठा होता. जांभळ्या शाईचा, दर वेळी थोडा डावीकडे कललेला, शेजारी साक्षीदाराची सही. आणि पैसे घेणारीचं पूर्ण नाव. आडनाव आमचं, मधलं नाव बाबांचं जे मधलं नाव तेच. म्हणजे माझ्या आजोबांचं. बाबा महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवत होते ते स्वतःच्या आईला. फरशीवर त्या ओल्या कागदांत मी किती वेळ बसले होते कोण जाणे. पोळ्यांची कणीक तशीच राहिली होती.

पत्ता सगळीकडे एकच होता: कुलकर्णी का भट्टा, इंदूर. मी पोस्टकार्ड टाकलं. मी अमुक यांची मुलगी, हा माझा नंबर, एवढंच. नवव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज, “चिमी का गं?”

बाबा गेल्यापासून मला कुणी चिमी म्हटलं नव्हतं.

गुरुवारी रात्रीच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. तिकिटाचा हिशेब नीट आठवतोय. बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढे मध्य प्रदेशात पूर्ण. आणि लेकाला ऑगस्टमध्ये बारा पूर्ण झाली, म्हणून त्याचं अर्धं तिकीटही गेलं. कंडक्टरनं वय विचारलं तेव्हा क्षणभर अकरा म्हणावंसं वाटलं. पण पोरगा बाजूलाच बसला होता, खरं तेच सांगितलं. धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट, सगळं अंधारात गेलं. गाडी खूप हादरते, पाठीचं दुखणं असलेल्यांनी मागची सीट घेऊ नये. मला झोप लागलीच नाही. उजाडता उजाडता खलघाटला नर्मदेचा पूल आला, तेव्हा पुढच्या सीटवरच्या आजींनी खिडकीतून नाणं टाकलं. मीही एक रुपया टाकला आणि काय मागावं ते सुचलं नाही.

इंदूरला सरवटे बसस्टँडवर उतरलो. घटना समितीत बसलेल्या विनायक सीताराम सरवट्यांच्या नावाचा हा स्टँड. परमुलखात उतरल्या उतरल्या मराठी आडनाव वाचून जरा धीर आला. न्यायला चुलतभाऊ आला होता. त्यानं मला विचारलंच नाही की तुम्हीच का. सरळ बॅग उचलली आणि म्हणाला, “चल ताई, आत्यानं रात्रभर झोपू नाही दिलं कोणाला.”

कुलकर्णी का भट्टा, मालवा मिल, परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर ही सगळी गिरणीवाल्यांची वस्ती. आमचे पणजोबा अमळनेरच्या बाजूनं इथल्या कापडगिरणीत आले. घरात अजून खानदेशी शब्द आहेत, पण वाक्य हिंदीच्या चालीवर जातं. ‘पहिले पाणी पी,’ ‘तू थकलेली लागते.’ मला ते फार गोड वाटलं. दोन खोल्यांचं घर, आणि त्यात मोजून एकोणीस माणसं माझ्याकडे बघत उभी. मला गर्दी सोसत नाही. त्यात एका वहिनीनं चपला काढायच्या आत विचारलं, “आणि हे नाही आले?” असा राग आला की उलट पावली स्टँडवर जावं. तेवढ्यात आत्या गर्दीतून वाट काढत आली. बुटकी, पाठीत वाकलेली, कपाळ बाबांचं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या लेकाची हनुवटी धरली, त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली,

“म्हणजे हा तो तिसरा महिना.”

मला काही कळेना. मग तिनं कपाटावरून तो बिस्किटांचा डबा काढायला लावला.

ज्यांनी मनीऑर्डर केली असेल त्यांना आठवेल, फॉर्मच्या खालच्या बाजूला संदेशाची छोटी चिठ्ठी असायची. पैसे देताना पोस्टमन ती फाडून घेणाऱ्याला द्यायचा. २०१५ साली ती जुनी मनीऑर्डरच बंद झाली. पोच पाठवणाऱ्याकडे परत जायची, चिठ्ठी घेणाऱ्याकडे राहायची. पोचा आमच्या ट्रंकेत होत्या. चिठ्ठ्या इथे होत्या, बत्तीस वर्षांच्या, दर वर्षाची गड्डी वेगळ्या दोऱ्यानं बांधलेली. बाबांचं अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेलं, ऑइलचा डाग पडलेल्या बोटांनी लिहिलेलं.

‘मुलगी झाली. दोघी खुशाल.’ हे १९८५.

‘चिमीला गोवर आला होता. आता बरी आहे.’

‘चिमी पहिलीत बसवली. रडली नाही.’

‘या महिन्यात वीस रुपये कमी. चिमीची फी भरली.’

‘चिमी दहावी पास. ७१ टक्के. पेढे समजून दहा जास्त.’

‘चिमीचं लग्न ठरलं. येता येणार नाही तुम्हाला, राग नसावा.’

आणि शेवटची, २०१३ च्या फेब्रुवारीतली. ‘चिमीला तिसरा महिना.’

त्यानंतर चिठ्ठी आली नाही. मे महिन्यापर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग पत्र टाकलं. आम्ही तोवर ती खोली सोडली होती. पत्र परत आलं, तेही पाकीट डब्यात तळाशी होतं. मूल मुलगा की मुलगी, झालं की नाही झालं, हे त्यांना बारा वर्षं माहीत नव्हतं. आत्या लेकाचा हात हातात धरून बसली होती, दुपारी जेवायला उठेपर्यंत सोडला नाही. एरवी मलाही हात लावू न देणारा माझा मुलगा गप्प बसून राहिला.

बाबांनी घर का सोडलं तेही मग कळलं. आत्या बाविसाव्या वर्षी सासरहून परत आली, अंगावर वळ घेऊन. आजोबांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दोन दिवस ती शेजाऱ्यांच्या ओसरीवर होती. बाबा वडिलांशी भांडले. तिची भाकरी मी घालीन, पण तिला आत घ्या, म्हणाले. आजोबांनी तिला घेतलं आणि बाबांना बाहेर काढलं. आजोबा असेतो बाबांचं नाव घरात काढायचं नाही, असं ठरलं. आजीनं पैसे घेतले ते पदराआड. आजी गेल्यावर आत्यानं सही शिकून घेतली, बाबांना पोचेवर अंगठा दिसू नये म्हणून.

एवढं सगळं ऐकून मी रडले वगैरे नाही. मला राग आला, आणि तो अजून आहे. सासरहून टाकलेल्या बहिणीसाठी ज्यानं घर सोडलं, त्यानं आपल्या मुलीला एवढं सांगायला नको होतं का, की इंदूरला तुझी आत्या आहे? नवरा गेल्यावर पहिल्या वर्षी मी पोराला शेजारणीकडे कोंडून कामाला जात होते. त्या वर्षी इथे, या कपाटावर, माझा गोवरसुद्धा जपून ठेवलेला होता. आईनं तर संशयातच आयुष्य काढलं. आत्याला मी हे बोलून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, “मी पण दर साल विचार करत होती, आता येऊन जाईल, आता येऊन जाईल.”

शनिवारी अनंत चतुर्दशी. इंदूरला त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले देखावे, गाड्यांवरून निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी. गिरण्या कधीच्या बंद झाल्या, हुकुमचंद तर १९९१ मध्ये, तरी तिथले जुने कामगार आणि त्यांची मुलं वर्गणी गोळा करून दर वर्षी झांकी उभी करतात. थोरले काका पंचाहत्तरीचे, गुडघे गेलेले, पण त्यांनी महिनाभर तारा जोडल्या होत्या. आम्ही संध्याकाळीच जेल रोडला चटई टाकून जागा धरली. गर्दीबद्दल काय सांगू? माणूस माणसाला चिकटलेला, भोंगे, आखाड्यांच्या पट्ट्याच्या काठ्या डोक्यावरून फिरताहेत, पाय पसरायला वीतभर जागा नाही. एकटी असते तर तासाभरात परत फिरले असते. पण आत्यानं माझं मनगट धरलं होतं आणि शेजारी येऊन बसेल त्या प्रत्येकाला ती सांगत होती, ‘ही माझ्या भावाची मुलगी, नाशिकची.’ समोसेवाल्याला सांगितलं. बंदोबस्तावरच्या पोलिसाला सांगितलं. त्यानंही हसून हात जोडले. रात्री एकच्या सुमारास काकांची झांकी आली, लाल-हिरवे दिवे धावताहेत, कागदी नाग फणा हलवतोय. काका पुढे पांढरी टोपी घालून चालत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि लेकाला हाक मारून गाडीवर चढवून घेतलं. राजवाड्यापर्यंत तो त्या गाडीवर होता. मी मागून चालत गेले.

रविवारी रात्रीची परतीची बस होती. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण, म्हणून आत्यानं वेधाच्या आधीच सगळ्यांना जेवू घातलं. फुनके आणि कढी. भरडलेल्या तूरडाळीला लसूण-मिरची लावून वाफवलेले. बाबा हे मागायचे आणि आईला कधी जमलं नाही. मी आत्याजवळ बसून डाळ किती भरडायची ते बघून घेतलं.

जेवण झाल्यावर काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून आणलं. म्हणाले, “आजपासून पित्तर. तो कोणत्या तिथीला गेला? आम्हाला ठाऊक नव्हतं, सर्वपित्रीला ठेवतो त्याचा घास.”

बारा वर्षं. मी स्वतः एकदाही ठेवला नव्हता.

तारीख सांगणार होते, पण त्याआधी आईचं ताट आठवलं. होळीनंतरची संकष्टी होती. आईचा उपास, चंद्र उगवायची वाट बघत तिनं ताट वाढून झाकून ठेवलं होतं, आणि दवाखान्यातून फोन आला. ते ताट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच झाकलेलं होतं.

“चतुर्थी,” मी म्हणाले.

काकांनी बोट ठेवून मोजलं. चतुर्थी बुधवारी येत होती. त्यांनी पेन्सिलीनं त्या चौकोनात बाबांचं नाव लिहिलं, पाळण्यातलं, मी कधीच न ऐकलेलं. आत्या काही बोलली नाही. माझी भरलेली बॅग दाराशी होती, तिच्याकडे बघत होती.

लेक म्हणाला, “मम्मी, बुधवारी घास कोण ठेवणार?”

मी फोन काढला आणि डब्याच्या ग्रुपवर लिहिलं: गुरुवारपर्यंत डबे बंद आहेत.