आमची वाटचाल: आधी प्रत, मग दुरुस्ती

आमची फर्म कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गाळ्यात सुरू झाली तेव्हा क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे दूरच्या केंद्रातले भाड्याचे सर्व्हर, हा शब्द आमच्या कामात नव्हता. संगणक जोडून देणे, प्रिंटर दुरुस्त करणे आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांचे वार्षिक देखभालीचे करार सांभाळणे एवढाच व्यवसाय होता. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीकडे आम्ही वळलो, कारण परवान्याचा खर्च न परवडणाऱ्या छोट्या फाउंड्रीवाल्यांना फाइल सर्व्हर हवा होता आणि जुन्या यंत्रावर तो बसवून देणे आम्हाला जमत होते. सर्व्हर बंद पडला की मोटारसायकल काढायची, गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या वसाहतीत जायचे, यंत्राला मॉनिटर जोडायचा आणि पडद्यावर काय उमटले आहे ते वाचायचे. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कोसळताना त्याने लिहिलेली शेवटची ओळ डोळ्यांनी पाहता येणे ही किती मोठी सोय होती, हे ती हातातून गेल्यावर कळले.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराने हे चित्र बदलले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी तिच्याही बरेच वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. आमच्या काही ग्राहकांनी तळमजल्यावरचे सर्व्हर रात्रीतून वरच्या मजल्यावर नेले, काहींना तेवढा वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर चिखल भरलेल्या डिस्क घेऊन लोक गाळ्यात आले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: हे सगळे कोल्हापूरच्या बाहेर कुठे तरी ठेवता येईल का? अ‍ॅमेझॉनची क्लाउड केंद्रे २०१६ पासून मुंबई परिसरात चालू होती, त्यामुळे अंतराचा किंवा वेगाचा प्रश्न नव्हता. पुढच्या दीड-दोन वर्षांत आमचे निम्म्याहून अधिक ग्राहक क्लाउडवर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये पूर पुन्हा आला तेव्हा त्यांच्या कामात खंड पडला नाही.

पुरापासून सुटका झाली, बिघाडापासून झाली नाही. क्लाउडवरच्या सर्व्हरमध्येही कर्नल कोसळतो आणि फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, खराब होते. फरक एवढाच की तिथे मॉनिटर जोडता येत नाही. हे नीट उमगण्याआधी माझ्या हातून एक मोठी चूक घडली. आमच्या पुढच्या सगळ्या कामाची पद्धत त्या चुकीतून आली आहे, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर एका सकाळी सुरू होईना. संस्थेचे कर्मचारी ताटकळत होते, ठेवीदार काउंटरसमोर उभे होते आणि व्यवस्थापकांचे दर पाच मिनिटांनी फोन येत होते. मी आधी सर्व्हर दोनदा रीबूट केला. तो आपत्कालीन स्थितीत अडकलेला दिसल्यावर मूळ डिस्कवरच एफएससीके हा फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला आणि प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’ असे उत्तर जाईल असा पर्याय दिला. काही मिनिटांत डिस्क ‘स्वच्छ’ असल्याचा निर्वाळा मिळाला, पण डेटाबेसच्या फोल्डरमध्ये महत्त्वाच्या फाइली नव्हत्या. त्यांचे तुकडे ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये, नावांऐवजी नुसते इनोड क्रमांक (प्रणालीने फाइलींना दिलेले अंतर्गत क्रमांक) घेऊन पडले होते. वापरण्याजोगा शेवटचा बॅकअप ११ दिवसांपूर्वीचा निघाला. ते ११ दिवस संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी कागदी व्हाउचरांवरून पुन्हा भरले आणि आम्ही दोघे सहकारी रात्री त्यांच्याबरोबर बसलो. त्या वर्षीच्या कराराची रक्कम मी परत केली. अधिक जाचणारी गोष्ट वेगळी होती: बिघाड मुळात कशाने झाला हे सांगणारा पुरावा माझ्याच दोन रीबूटांनी आणि एका आज्ञेने पुसला गेला होता.

एफएससीकेचा यात दोष नाही. त्याचे काम फाइल सिस्टीमची मांडणी सुसंगत करणे हे आहे, माहिती वाचवणे हे नाही, आणि मी त्याच्याकडून दुसऱ्याच कामाची अपेक्षा केली. पतसंस्थेच्या भाषेत सांगायचे तर फाइल सिस्टीमची खतावणी वेगळी आणि रोजकीर्द वेगळी. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे हे खतावणीत असते. तिच्यात बदल करण्यापूर्वी तो आधी जर्नलमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत, लिहिला जातो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट राहिलेली नोंद पुरी करता येते. मात्र ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टीम तिच्या नेहमीच्या पद्धतीत फक्त मांडणीच्या नोंदी जर्नलमध्ये घेते, फाइलच्या आतला मजकूर घेत नाही. त्यामुळे ‘जर्नल आहे, आता चिंता नाही’ हा समज पुरता खरा नाही. डेटाबेस स्वतःची वेगळी रोजकीर्द ठेवतो तो याचसाठी.

तेव्हापासून आमचा नियम ठरला: आधी प्रत, मग दुरुस्ती. क्लाउडने ही गोष्ट खरोखर सोपी केली आहे, कारण बंद पडलेल्या सर्व्हरच्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, काही क्षणांत सुरू करता येतो. ग्राहकाचा फोन आला की आम्ही प्रथम कन्सोलवरचा, म्हणजे सर्व्हर आपले संदेश लिहितो तिथला, मजकूर आणि पडद्याचे चित्र जतन करतो, नंतर स्नॅपशॉट घेतो, त्यातून नवी डिस्क तयार करतो आणि ती वेगळ्या बचाव सर्व्हरला जोडतो. पुढची तपासणी होते ती या नव्या डिस्कवर, आणि तीही प्रथम काहीही न लिहिणाऱ्या पर्यायाने. मूळ डिस्कला हात लावत नाही.

या वाटेवर खाचखळगे आहेत आणि त्यातले बरेच आम्ही ठेच लागूनच शिकलो. डिस्क ‘केवळ वाचण्यासाठी’ जोडली तरी ईएक्सटी-४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइल सिस्टीम जर्नलमधल्या राहिलेल्या नोंदी पुऱ्या करतात, म्हणजे डिस्कवर लिहितात. ते टाळायचे तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. एक्सएफएसची प्रत मूळ डिस्क जोडलेल्याच सर्व्हरवर जोडू गेले तर दोन्हींचा ओळख क्रमांक सारखा असल्याने जोडणी नाकारली जाते, आणि नवखा माणूस प्रतही खराब आहे असे समजून बसतो. एक्सएफएस रिपेअर हा दुरुस्तीचा प्रोग्राम जर्नलमध्ये नोंदी शिल्लक असताना दुरुस्तीला नकार देतो. तो नकार मोडून जर्नल रिकामे करण्याचा पर्याय आहे, पण त्याने त्या शिल्लक नोंदी कायमच्या जातात. म्हणून आधी डिस्क जोडून नोंदी पुऱ्या होतात का ते पाहायचे, आणि तेही प्रतीवर. माहिती एकाहून अधिक डिस्कवर पसरलेली असेल आणि त्यांचे स्नॅपशॉट वेगवेगळ्या वेळी घेतले असतील, तर ते एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय स्नॅपशॉटमधून बनवलेल्या डिस्कवरचा प्रत्येक भाग पहिल्यांदा वाचताना फार हळू येतो, कारण तो स्नॅपशॉटच्या साठ्यातून तेव्हाच आणला जात असतो. ग्राहकाला वेळेचा अंदाज देताना ही गोष्ट आम्ही आता धरून चालतो.

ही पद्धत किती उपयोगी आहे हे एका साखर कारखान्याच्या कामात दिसले. गळीत हंगामातली पहाट होती. वजनकाट्यावरून फोन आला, “साहेब, सर्व्हर चालू दिसतोय, पण पावती काय निघंना.” काट्याबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली होती आणि तोडलेला ऊस जितका उभा राहील तितके त्याचे वजन घटते, म्हणून शेतकऱ्याचे नुकसान दर तासाला वाढत होते. सर्व्हर खरोखरच चालू होता. जुन्या पावत्या दिसत होत्या, नवी जतन होत नव्हती. लक्षण ओळखीचे होते. क्लाउडवरची डिस्क बहुधा नेटवर्कपलीकडे असते. तिच्याकडून ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही की कर्नल ती विनंती अयशस्वी धरतो, जर्नल लिहिणे थांबते आणि आणखी नुकसान होऊ नये म्हणून फाइल सिस्टीम केवळ-वाचन स्थितीत जाते. लिनक्समध्ये एनव्हीएमई (डिस्क जोडण्याची एक वेगवान पद्धत) डिस्कसाठी ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते, आणि नेटवर्कवरच्या डिस्कसाठी ती पुष्कळ वाढवून ठेवावी असे अ‍ॅमेझॉनच्या मार्गदर्शनातही सांगितले आहे. आमच्या सर्व्हरवर ती वाढवलेली नव्हती. ती जबाबदारी आमचीच होती.

अशा वेळी रीबूटचा मोह फार होतो आणि तिथेच पाय घसरतो. कर्नलच्या ताज्या नोंदी स्मृतीत (रॅममध्ये) असतात आणि डिस्कवर लिहिणे बंद झालेले असल्याने रीबूटनंतर त्या कुठेच उरत नाहीत. आम्ही त्या नोंदी प्रथम बाहेर काढल्या, स्नॅपशॉट घेतला, कारखान्याला काट्यावर हातपावत्या चालू करायला सांगितले आणि मग दुरुस्तीकडे वळलो. जर्नल पुरे झाल्यावर डिस्क स्वच्छ निघाली आणि एकही पावती गमावली नाही. मुदत वाढवल्यानंतर त्या सर्व्हरवर हा प्रकार पुन्हा झालेला नाही.

कर्नल स्वतः कोसळतो तेव्हा शोध अधिक अवघड होतो. एका फाउंड्रीचा सर्व्हर रोज मध्यरात्रीनंतर पॅनिक होऊन, म्हणजे कर्नलने हात टेकून, बंद पडत असे आणि सकाळी कन्सोलवर अपुरा मजकूर सापडे. आम्ही तिथे केडंप ही कोसळण्याचा पुरावा जपणारी सोय बसवली. यात थोडी स्मृती आधीच राखून ठेवलेली असते. मुख्य कर्नल कोसळला की त्या राखीव जागेतून दुसरा छोटा कर्नल सुरू होतो आणि कोसळलेल्याची सगळी स्मृती फाइलमध्ये उतरवून ठेवतो. छोट्या सर्व्हरवर ही राखीव जागा देणे ग्राहकाला जड वाटते, पण मी त्यासाठी आग्रह धरतो. तिसऱ्या रात्री आम्हाला ती फाइल मिळाली. कर्नलवर ‘टेंटेड’ (भेसळ झालेला) असा शिक्का होता आणि पुढची अक्षरे सांगत होती की मूळ कर्नलबाहेरचे एक मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) त्यात भरलेले आहे. ते रात्री चालणाऱ्या एका बॅकअप सॉफ्टवेअरचे होते आणि कर्नल अद्ययावत झाल्यानंतर त्याच्याशी जुळत नव्हते. माहिती सुरक्षित राहावी म्हणून बसवलेल्या साधनानेच सर्व्हर पडत होता. नवी आवृत्ती मिळेपर्यंत आम्ही जुना कर्नल कायम ठेवला.

डिस्कवरच्या बूटच्या, म्हणजे सर्व्हर सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइलींच्या, छोट्या विभागात जुने कर्नल साचून जागा संपणे, नव्या कर्नलची प्रारंभिक फाइल अर्धवट लिहिली जाणे आणि महिन्यांनंतरच्या पहिल्या रीबूटला मूळ फाइल सिस्टीम न सापडल्याने पॅनिक होणे, हा प्रकार तर आमच्याकडे वारंवार येतो. त्यावरचा इलाज सोपा आहे: डिस्क काढून बचाव सर्व्हरला जोडायची, जागा मोकळी करायची, ती फाइल नव्याने बनवायची. स्मृती कमी पडली म्हणून कर्नलने एखादा प्रोग्राम बंद केला, तरी ग्राहक त्याला ‘सर्व्हर क्रॅश’ म्हणतात. त्यात कर्नलचे काहीही बिघडलेले नसते आणि हे समजावून सांगायला आम्ही वेळ देतो.

अद्ययावतीकरणाबाबत माझे मत अनुभवाने बदलले. पूर्वी आम्ही सगळे सर्व्हर एकाच रात्री अद्ययावत करीत असू. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सच्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी-४ वरची माहिती खराब करू शकणारा दोष आढळला आणि डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीच्या निर्मात्यांनी १२.३ ही आवृत्ती रोखून धरून पुढची १२.४ प्रसिद्ध केली. कर्नल बनवणारे अत्यंत काळजीपूर्वक काम करतात, तरी असे होऊ शकते. आता आम्ही प्रथम आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर, नंतर कमी महत्त्वाच्या कामांवर आणि शेवटी ग्राहकांच्या हिशेबाच्या सर्व्हरवर नवा कर्नल चढवतो. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती असेल तर हा क्रम काही तासांत उरकतो, पण मोडत नाही.

आज आम्ही सहा जण आहोत आणि गाळ्याचे छोटे कार्यालय झाले आहे. नव्या मुलांना पहिला महिनाभर एकच काम असते: सरावाचा सर्व्हर मुद्दाम बिघडवायचा आणि तो दुरुस्त करताना प्रत्येक पायरी वेळेसह वहीत लिहायची. ज्यांना प्रत न घेता लगेच दुरुस्ती हवी असते, ते काम आम्ही घेत नाही. त्यामुळे काही ग्राहक गेले. ती पतसंस्था मात्र अजून आमच्याकडे आहे.

या वर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या साखर कारखान्यात आम्ही सराव घेतला. काट्यावरचे कर्मचारी समोर बसले होते, आम्ही सरावाच्या सर्व्हरचा कर्नल मुद्दाम कोसळवला आणि स्नॅपशॉटमधून नवा सर्व्हर उभा करून पहिली पावती काढायला ४७ मिनिटे लागली. त्यातली १९ मिनिटे लॉगिनचा पासवर्ड कोणाकडे आहे हे शोधण्यात गेली. तो आता काटा विभागाच्या तिजोरीत बंद लिफाफ्यात ठेवला आहे आणि दुसरा सराव पुढच्या सोमवारी आहे.