पंचविसाच्या जागी अठ्ठावीस : माझ्या नायट्रो ट्रकचं इंजिन बदलताना

रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल गाड्यांमधलं नायट्रो इंजिन, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन, संपत आलं की ते आधी गरम असताना दगा देतं. सकाळी थंड असताना एका झटक्यात सुरू होतं, टाकी संपेपर्यंत झकास पळतं, पण मध्येच बंद पडलं की कितीही दोरी ओढा, ते दाद देत नाही. निवेपर्यंत वाट बघत बसायचं. माझ्या सॅव्हेजचं गेल्या वर्षी असंच चाललं होतं. एचपीआयचा हा १/८ स्केलचा मॉन्स्टर ट्रक मी वापरलेला घेतला होता. आत पंचविसाचं इंजिन, म्हणजे ०.२५ घनइंच, ४.१ सीसी.

या इंजिनांच्या पिस्टनला रिंग नसते. स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, पितळेची, तिला आतून क्रोमचा थर, आणि पिस्टन ॲल्युमिनिअमचा. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर पोचला की तिथे अडकतो. इंजिन तापलं की स्लीव्हचं वरचं टोक सगळ्यात जास्त प्रसरण पावतं आणि दोघांत कामापुरती फट उरते. या अडकण्याला सगळे ‘पिंच’ म्हणतात. पिंच गेली की कॉम्प्रेशन गेलं. तपासायचं असेल तर ग्लो प्लग तसाच ठेवून फ्लायव्हील अंगठ्याने फिरवायचं. माझ्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकावरून असा निसटत होता की हाताला काही लागतच नव्हतं. एअर फिल्टरचा फोम तेल न लावता कोरडाच वापरला गेला की बारीक धूळ आत जाते आणि स्लीव्ह पॉलिश पेपरने घासल्यासारखी झिजते.

पिस्टन-स्लीव्हचा नवा जोड घालून जुनंच इंजिन उभं करता आलं असतं. पण उघडल्यावर दिसलं की मागच्या बेअरिंगवर तांबूस गंज चढलाय आणि कनेक्टिंग रॉडचं खालचं बुश ढिलं झालंय. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. आत थोडं इंधन राहिलेलं इंजिन कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलं तर आतलं स्टील गंजणारच. सगळे सुटे भाग धरून खर्च नव्या इंजिनाच्या जवळ जात होता. मग नवंच बसवायचं ठरवलं, आणि बसवायचंच तर एक घर मोठं.

हल्ली मैदानावर बहुतेक गाड्या बॅटरीवर चालणाऱ्या ब्रशलेस मोटारीच्या असतात. वेगात आणि सोयीत त्या पुढे आहेत, यात वाद नाही. पण मला जळक्या एरंडेलाचा तो वास हवा असतो, आणि नीडलला, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला, पाव फेरा देताच बदलणारा इंजिनाचा आवाज.

एकवीस घ्यायचं की अठ्ठावीस, यावर बराच खल झाला. इफमार या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १/८ ऑफरोड जागतिक स्पर्धांत इंजिनाची मर्यादा ३.५ सीसी, म्हणजे ०.२१ घनइंच आहे, म्हणून एकवीसच्या इंजिनांत सगळ्यात बारीक काम झालेलं दिसतं. जपानची ओ. एस. तर १९३६ पासून मॉडेल इंजिनं बनवते आहे. पण रेसिंगचं एकवीस हे वरच्या आरपीएमवर खुलणारं इंजिन. ते हलक्या बगीत, म्हणजे छोट्या ऑफरोड रेसगाडीत, शोभतं. माझा ट्रक चांगलाच जड, टायर मोठे. त्याला खालून ओढणारं इंजिन हवं. म्हणून अठ्ठावीस घेतलं, साधारण ४.६ सीसीचं.

पैसे देण्याआधी मी विक्रेत्याला नुसतंच ‘अठ्ठावीस आहे का’ असं विचारलं नाही. एक्झॉस्ट बाजूने निघतो की मागून, हे आधी बघावं लागतं, नाहीतर मॅनिफोल्ड आणि पाइप दोन्ही बदलायची वेळ येते. क्रँकचा पुढचा भाग कसला आहे, हे त्याहून महत्त्वाचं. मला एसजी क्रँक हवा होता. त्याला बाहेरून आटे असतात, त्यावर क्लच नट बसतो, आणि टोकाला आतून आटे पाडलेले असतात, तिथे छोट्या स्क्रूने क्लचबेल, म्हणजे गिअरचे दाते असलेली क्लचची वाटी, धरली जाते. दुसऱ्या जातीचा क्रँक आला की तो कापण्यापर्यंत गोष्ट जाते. ते काम मी तरी करणार नाही. ग्राइंडरची धूळ पुढच्या बेअरिंगमध्ये गेली तर नवं इंजिन पहिल्याच दिवशी मेलं म्हणायचं.

इंजिन आलं. व्हर्निअर लावल्यावर कळलं की बुडापासून क्रँकच्या मध्यापर्यंतची उंची जुन्यापेक्षा थोडी जास्त आहे. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा. पण तेवढ्यानेही क्लचबेल आणि ती जो मोठा गिअर फिरवते तो स्पर गिअर एका रेषेत येत नव्हते. इंजिनाखालचे दोन ॲल्युमिनिअमचे माउंट तेवढे उतरवायला हवे होते.

शिवाजी उद्यमनगरात ज्यांच्याकडे मी माझी बारकी कामं नेतो, त्या मिस्त्रींना आम्ही सगळे मामाच म्हणतो. त्यांचा सगळा जन्म पंपांच्या आणि डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांत गेला. मी माउंटबरोबर जुनं उघडलेलं इंजिनही नेलं होतं. मामांनी पिस्टन चिमटीत धरून उजेडात फिरवला.

“ह्येला रिंग न्हाई व्हय रं?”

“नाही मामा. स्लीव्हलाच टेपर आहे.”

त्यांनी स्लीव्हमध्ये करंगळी घातली आणि डोळे मिटून वरपर्यंत फिरवली. मग माझा हात धरून माझं बोट आत घातलं. “हितं बघ. खाल्लंय हितं.” मला आधी काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा हळू फिरवलं तेव्हा एक्झॉस्टच्या खिडकीच्या वर अगदी पुसट पायरी लागली. डोळ्यांना ती दिसतच नव्हती.

माउंट त्यांनी मिलिंगवर एकेकटे धरले नाहीत. दोन्ही एकाच व्हाइसमध्ये शेजारी शेजारी आवळले आणि एकाच पासमध्ये उतरवले. “जोडीचं काम जोडीनंच करायचं, न्हाईतर फरक पडतोयच.” नंतर सरफेस प्लेटवर माउंट ठेवून त्यावर इंजिन मांडलं, एका बाजूचे स्क्रू आवळले आणि दुसऱ्या बाजूच्या कानाखाली फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी सरकवून बघितली. गेली नाही. हे एवढं बघणं फार मोलाचं आहे. माउंट समपातळीत नसतील आणि आपण स्क्रू जोराने आवळले, तर क्रँककेस पिळली जाते, तिच्यासोबत स्लीव्हचा गोलपणा जातो, आणि इंजिन विनाकारण तापत राहतं. लोक मग महिनाभर कार्ब्युरेटरशी झगडतात.

इंजिन चासीवर चढवणं अर्ध्या तासाचं काम. माझी अख्खी संध्याकाळ गेली ती क्लचमध्ये, आणि माझ्या मते अदलाबदलीत खरा कस लागतो तो इथेच. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारं सगळं काही त्या तीन-चार सेंटिमीटरच्या क्रँकवर रांगेने बसलेलं असतं: शंकूसारखी कॉलेट, फ्लायव्हील, क्लच नट, वेग वाढला की बाहेर फाकून बेलला धरणारे शू, त्यांच्या स्प्रिंगा, दोन बेअरिंगं आणि क्लचबेल. कॉलेट आणि क्रँक मी स्पिरिटने पुसून कोरडे केले. तिथे तेलाचा अंश राहिला की फ्लायव्हील सरकतं. नट आवळताना फ्लायव्हील त्याच्या स्वतःच्या पान्ह्याने धरलं. एक्झॉस्टमधून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने पिस्टनच्या काठावर जी खाच पडते ती कायमची.

मग क्लचबेल चढवली आणि ती पुढेमागे किती हलते ते पाहिलं. बरीच हलत होती. ०.१ आणि ०.२ मिलिमीटरचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, एकेक घालत गेलो, प्रत्येक वेळी टोकाचा स्क्रू पूर्ण आवळून बेल बोटाने फिरवली. शिम जास्त झाला तर बेल शूला चिकटते, गाडी उभी असतानाही चाकं फिरू पाहतात आणि बेअरिंग जळतात. कमी झाला तर बेल आपटत राहते. मी साधारण ०.३ वर थांबलो. बेल मोकळी फिरत होती आणि हलवल्यावर अगदी बारीक टक् असा आवाज येत होता. स्प्रिंगा १ मिलिमीटर तारेच्या घातल्या. त्याहून जाड तारेच्या घातल्या की क्लच उशिरा धरतो, पण अठ्ठाविसाला खालीच जोर असतो, त्याला वाट बघायला लावण्यात अर्थ नव्हता.

गिअरच्या दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घातली, इंजिन सरकवून मेश, म्हणजे दात्यांची एकमेकांतली बैठक, बसवला आणि पट्टी बाहेर काढली. तिच्यावर घड्या पडल्या होत्या, ती फाटली नव्हती. तेवढंच पाहिजे. स्पर गिअर पूर्ण फेरा फिरवून दोन-तीन ठिकाणी हे बघितलं, कारण तो किंचित लंबगोल असू शकतो. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावलं.

हवा कुठून गळते हे सुरू करण्याआधीच शोधलं. कार्ब्युरेटरच्या बुडाची ओ-रिंग आणि मागची बॅकप्लेट, या दोन जागा कायम संशयाच्या. इंधनाची टाकी बादलीत बुडवून नळीतून फुंकर मारली. झाकणापाशी बुडबुडे आले, म्हणून तिथली रिंग बदलली. थ्रॉटल आणि ब्रेक हलवणाऱ्या सर्व्होची जोडणी करताना न्यूट्रलला कार्ब्युरेटर सुमारे एक मिलिमीटर उघडा ठेवला, आणि फेलसेफ लावून ट्रान्समीटर बंद करून बघितलं: ब्रेक लागला. एवढा जड ट्रक सिग्नल गेल्यावर पूर्ण थ्रॉटलला पळत सुटला तर लहान मुलाचा पाय मोडू शकतो. हे तपासल्याशिवाय मी कुणालाही गाडी सोडू देत नाही.

इंधन २० टक्के नायट्रोमिथेनचं, बाकी मिथेनॉल आणि तेल. पेट्रोल जाळायला वजनाने जवळजवळ पंधरापट हवा लागते, मिथेनॉलला साडेसहापटीच्या आत, नायट्रोमिथेनला दुपटीपेक्षाही कमी, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं, आणि जोर येतो तो तिथून. स्पार्क नाहीच. प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संगतीने स्वतःच लाल राहते. मात्र मिथेनॉल विषारी आहे, ते कातडीतून आत शिरतं, डोळे जाऊ शकतात, आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. हातमोजे घालायचे, मोकळ्यावर भरायचं, बाटली मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही.

नव्या इंजिनाची पिंच इतकी घट्ट असते की थंड असताना दोरी ओढली तर दोरीच तुटते. मी हेअर ड्रायरने हेड हाताला चांगलं चटका लागेल इतकं तापवलं, मग सुरू केलं. नीडल कंपनीच्या सेटिंगपेक्षाही थोडी रिच, म्हणजे इंधन जास्त. पांढरा धूर, जड आवाज. इथे एक समज फार पसरलेला आहे, की नवं इंजिन जितकं थंड पळवाल तितकं बरं. उलट आहे. ते पुरेसं तापलं नाही तर स्लीव्ह वर उघडतच नाही आणि पिस्टन त्या अरुंद भागात घासत राहतो. डिसेंबरची सकाळ होती, म्हणून हेडच्या पंखांभोवती ॲल्युमिनिअम फॉइलची पट्टी गुंडाळली आणि प्लगपाशी इन्फ्रारेड थर्मामीटरने शंभर अंशांच्या आसपास तापमान राखलं. गावाबाहेरच्या माळावर सावकाश आठाचे आकडे काढत राहिलो. टाकी संपत आली की सायलेन्सरचं तोंड कापडाने दाबून बंद करायचं, आणि लगेच पिस्टन खाली आणून ठेवायचा. फ्लायव्हीलवर त्यासाठी मी मार्करने खूण केली आहे. पिस्टन वर राहून इंजिन निवलं तर स्लीव्ह त्याच्यावर आवळते आणि पिंच फुकट जाते. पूर्ण निवलं की परत तेच.

मग हळूहळू नीडल आवळत आणली. आधी हाय स्पीड, मग लो स्पीड. लो स्पीडसाठी गाडी शांत उभी असताना इंधनाची नळी चिमटीत दाबायची. इंजिन दोन-तीन सेकंद तसंच चालून थोडा सूर चढवून बंद पडलं तर ठीक. लगेच बंद पडलं तर लीन, म्हणजे इंधन कमी; बराच वेळ रेंगाळलं तर रिच. लीनचा मोह फार वाईट. इंजिन कडक, स्वच्छ, सुंदर वाजायला लागतं आणि तेलाचं प्रमाण मात्र कमी होत असतं. मागून धुराची रेघ दिसलीच पाहिजे. ती दिसेनाशी झाली की मी थर्मामीटर न काढताच नीडल उघडतो. माझं इंजिन ११० अंशांवर खूश असतं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. ट्रक रत्नागिरीला मित्राकडे नेला तेव्हा इथलं ट्यूनिंग तिथे लीन झालं, कारण खाली हवा जास्त दाट असते. हाय स्पीड नीडल थोडी उघडल्यावर जमलं. वाळूवर मात्र उतरवला नाही.

अठ्ठाविसाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पोचल्यावर दुसरा गिअर फार लवकर पडायला लागला. त्याचा स्क्रू अष्टमांश फेऱ्याने आवळत नेला, तसा गिअर उशिरा पडू लागला. आता क्लचबेल एका दात्याने मोठी लावली आहे. खालचा जोर किंचित कमी झाला, पण सरळ माळावर ट्रक जास्त लांब पळतो आणि डिफरन्शिअलवरचा ताण उतरला. प्रत्येक वेळी घरी येऊन टाकी रिकामी करतो, इंजिनात उरलेलं इंधन ते चालवूनच जाळून टाकतो आणि प्लग काढून आत गंज रोखणाऱ्या आफ्टर-रन तेलाचे थेंब सोडतो. जुनं इंजिन मामांकडेच आहे. पिस्टन-स्लीव्हचा जोड आणि बेअरिंगं मागवली आहेत. ती आली की पंचवीस भाच्याच्या बगीत बसवायचं आहे, आणि त्या बगीचे माउंट मामांनी आधीच मागून घेतले आहेत.