वर्गातलं शूटिंग: आधी पंखा, मग कॅमेरा

शाळेत फिल्म करायची ठरली की चर्चा कॅमेऱ्यावरच अडते. हल्लीच्या बऱ्या फोनवर चित्र पुरेसं चांगलं येतं. शाळेतल्या फिल्म बहुतेक वेळा पडतात त्या आवाजात.

वर्ग म्हणजे फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत, त्यामुळे प्रत्येक वाक्य घुमतं. त्यात डोक्यावर चार पंखे. टेक (शॉटचं एकेक चित्रण) सुरू असताना पंखे बंदच हवेत. टेक संपला की लगेच लावा, नाहीतर पांढऱ्या शर्टावर घामाचे डाग दिसतात आणि पुढच्या शॉटशी जुळत नाहीत. शाळेच्या सतरंज्या कॅमेऱ्यामागे बाकांवर आणि दारावर टाकल्या की घुमणं बरंच कमी होतं. दुसरा फोन एअरप्लेन मोडवर टाकून, रेकॉर्डिंग चालू करून, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर पुस्तकाआड ठेवा. दर टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगला चित्र आणि आवाज त्याच टाळीवर जुळतात. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून शांत वर्गाचा तीस सेकंद आवाज घ्या. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर हाताने ठरवता येणाऱ्या मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. मैदानावर दिवे नसतात, तिथे शटरचा वेग वाढवला तरी चालतं. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा ताव धरा, खिडकीचा उजेड परततो.

कंटिन्युइटीत, म्हणजे एकाच सीनचे वेगवेगळ्या वेळी घेतलेले शॉट जुळवण्यात, सगळ्यात जास्त दगा देतो फळा. कोपऱ्यातला वार, दिनांक, पटसंख्या, वरचा सुविचार: सोमवारी काढलेल्या सीनचा उरलेला शॉट गुरुवारी घेतलात तर हे सगळं बदललेलं असतं. शॉट संपताच फळ्याचा, बाकांचा आणि केसांच्या भांगाचा फोटो काढून ठेवा. पीटीच्या दिवशी गणवेश वेगळा असतो, तो वार वेळापत्रकातून आधीच वगळा.

पूर्ण वर्ग दिसणारे शॉट सकाळी पहिले उरका. चाळीस मुलं तासाभराने कंटाळतात, कॅमेऱ्याकडे बघून हसू लागतात. मग क्लोजअपसाठी मागे पाच-सहा जण ठेवून बाकीच्यांना मोकळं करा. मोठ्या सुट्टीच्या आधीची दहा मिनिटं संवादाला घेऊच नका, बाहेर डब्यांचा गलका सुरू होतो.

आणि डबिंगवर भिस्त ठेवू नका. आठवी-नववीतल्या मुलांचा आवाज याच वयात फुटतो. दिवाळीआधी शूट केलेल्या मुलाला मार्चमध्ये डबिंगला बसवलं तर पडद्यावरच्या चेहऱ्याला तो आवाज बसत नाही. संवाद नीट आला नसेल तर त्याच दिवशी, त्याच वर्गात, कॅमेरा न लावता त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्या.