गाळा भाड्याने घेताना फसवणूक: पुरावा अडकतो पालिकेच्या फाइलीत

गाळा दुकानाचा म्हणून दिला. मंजूर नकाशात ती जागा पार्किंगची निघाली. मालक खोटं बोलला एवढं म्हणून भागत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ खाली विधान खोटं होतं, त्याला ते माहीत होतं आणि त्यावर विसंबूनच सही झाली, हे दाखवावं लागतं. ‘धंदा जोरात चालेल’ हे मत झालं, त्यावर दावा उभा राहत नाही.

पहिल्या दोन गोष्टींचा पुरावा पालिकेच्या फाइलीत असतो, आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते तिथेच. माहिती अधिकारात अर्ज केला, तर ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नकार. याचा राग अजून गेलेला नाही, कारण माहिती अधिकार कायद्याचं कलम ११ मुळात सरसकट नकारासाठी नाहीच. माहिती त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिली असेल तर अधिकाऱ्याने त्याला ५ दिवसांत नोटीस द्यायची, त्याने १० दिवसांत म्हणणं मांडायचं आणि ४० दिवसांत निर्णय व्हायचा. पालिकेने स्वतः मंजूर केलेला नकाशा गोपनीय कसा? पहिल्या अपिलात एवढाच मुद्दा ठेवा. मुदत ३० दिवस.

अर्जात ‘इमारतीची सर्व कागदपत्रं’ मागू नका. सिटी सर्व्हे नंबर आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक देऊन तळमजल्याच्या मंजूर नकाशाची व भोगवटा प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत मागा. शिवाय फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी त्याच अर्जात करा. ती फार महत्त्वाची. मालकाचा वापर बदलाचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र फाइलीत मिळालं, तर ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायला त्याला जागाच राहत नाही.

मालकाला नोटीस वकील देतातच. भाडेकरारातल्या ‘भाडेकरूने कागद तपासून खात्री केली आहे’ या अटीला घाबरू नका, पण करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद मालकाचा वकील नक्की काढेल: साध्या चौकशीत खरं कळलं असतं, असं म्हणेल. म्हणून मालकाने लेखी काय सांगितलं ते जपा. व्हॉट्सॲपचे संदेश मूळ फोनमध्येच ठेवा. कोर्टात छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. दाव्यात कोण, कधी, कुठे, काय बोललं याचा तपशील हवाच. मोघम ‘फसवलं’ चालत नाही.

एक राहिलं, आणि ते सगळ्यात आधी करायचं. खोटं कळल्यावर भाडं मुकाट्याने भरू नका. भरलंच तर ‘हक्क राखून’ असं लेखी कळवा, नाहीतर करार मान्य केला असा अर्थ निघतो. करार रद्द करायला कळल्यापासून ३ वर्षं मिळतात. रद्द केल्यावर गाळा परत द्यावा लागतो. किल्ल्या देताना ताबापावतीवर मालकाची सही घ्या आणि डिपॉझिट बाकी असल्याचं त्यातच लिहून घ्या.