ताम्हिणीतलं वळण : नोंद ४, दोरावरची सफाई

ताम्हिणी घाटातल्या एका वळणाखाली उतारावर साचलेला कचरा दोर लावून वर काढायचं काम चालू आहे, त्याची ही नोंद. सद्यस्थिती : रस्त्याच्या कठड्यापासून खाली १५ मीटरपर्यंतचा उतार मोकळा झाला. खालचा ओढा बाकी आहे. रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीच्या तोंडाशी ओतलेला राडारोडा तसाच पडून आहे, त्याचं शेवटी लिहिलंय.

आधी कागद. ताम्हिणी अभयारण्य २०१३ मध्ये जाहीर झालं. वळण त्याच्या हद्दीत येत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी खिशात हवीच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कचरा टाकायला मनाई आहे, आणि विनापरवाना आत शिरायलाही. कचरा उचलायला आलो म्हणून सूट मिळत नाही.

काळ डिसेंबर-जानेवारीचा. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं, पायाखालचा खळगा दिसत नाही. फेब्रुवारीपासून वणव्याची भीती. वणवा गेला की वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या वितळून कातळाला चिकटतात आणि मग छिन्नीच घ्यावी लागते. म्हणून गवत वाळल्यापासून पहिला वणवा लागेपर्यंतचे दीड-दोन महिने हाच खरा हंगाम.

गोण्यांबद्दल सविस्तर, कारण सगळ्यात जास्त कामं इथेच फसतात. खताची ५० किलोची विणलेली गोणी चांगली, पण उन्हात पडलेली नको. पांढऱ्या गोणीने एक उन्हाळा खाल्ला की बोटाने ओढली तरी तिचा भुगा होतो. तीच गत उतारावर टाकलेल्या जुन्या गोण्यांची. तोंड धरून ओढली की ती फाटते, आतला माल घरंगळतो आणि तिचे हजार तुकडे गवतात पसरतात. अशी गोणी सापडली तर तिच्याखाली ताडपत्री सरकवायची, कडेने गुंडाळायची आणि सगळंच नव्या गोणीत घालायचं.

पाण्याच्या बाटल्या न चेपता भरल्या तर गोणीत जेमतेम दीड किलो माल बसतो. टाचेने चेपून, हवा काढून बूच परत लावलं की बाटली फुगत नाही आणि तीच गोणी साडेतीन-चार किलो घेते. पिवळसर पाणी असलेली बाटली उघडायची नाही, तशीच वेगळ्या पिशवीत. काचेच्या बाटल्या गोणीत २०-२५ च्या वर नकोत, बिअरची एक रिकामी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते. फुटकी काच पत्र्याच्या डब्यात. गोणीतून ती आधी मांडीला लागते, मग दोराला.

दोर दोन, कामं वेगळी. माणसासाठी ११ मिमीचा, न ताणणारा दोर. तो जाड, जिवंत झाडाला किंवा पक्क्या कातळाला बांधलेला हवा, कठड्याच्या खांबाला कधीच नाही. मालासाठी दुसरा. दोर जिथे कडेला घासतो तिथे जुना जाड पाइप चिरून घालायचा. दोन कप्प्या (दोर फिरणारी चाकं) लावून जोर तिप्पट करणारी जोडणी केली की १२-१५ किलोची गोणी दोघे आरामात ओढतात, मात्र गोणी एक मीटर वर यायला दोर तीन मीटर ओढावा लागतो. घर्षणात बराच जोर जातो, त्यामुळे कागदावरची तिप्पट प्रत्यक्षात दुप्पट-अडीचपटच मिळते. कप्प्यांऐवजी नुसते कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) लावले तर त्याहून कमी. ओढताना मालाच्या रेषेखाली कुणीही उभं राहायचं नाही, गोणीपेक्षा तिने सुटे केलेले दगड वाईट.

हात थेट कुठेही घालायचा नाही. आधी लांब चिमट्याने किंवा काठीने वस्तू उलटायची. दगडाखाली आणि पत्र्याखाली फुरसं (विषारी साप), विंचू. झुडपात चापडा, हाही विषारी साप, तो हिरवा असल्याने पानांत मिसळून जातो. कातळाला आग्यामोहोळ दिसलं तर तो भाग त्या दिवशी सोडून द्यायचा, अत्तर लावून आलेल्यांना वरच थांबवायचं.

माल जाणार कुठे हे पहिली गोणी भरण्याआधी ठरलेलं असावं, नाहीतर वळणावरचा ढीग फक्त पायथ्याला सरकतो. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा, शाबूत काच हे सगळं भंगारवाला घेतो. वेफर्स-गुटख्याची बहुपदरी पाकिटं, थर्माकोलच्या पत्रावळ्या, डायपर कुणी घेत नाही. पाकिटं माती झटकून, वाळवून वेगळी ठेवली तर तालुक्याच्या प्लास्टिक प्रक्रिया केंद्राकडे विचारता येतं. ओली, मातकट गोणी तिथूनही परत येते. गाडीची वेळ आदल्या दिवशी पक्की करावी. रात्रभर रस्त्यावर राहिलेल्या गोण्या कुत्री आणि माकडं सकाळपर्यंत फोडतात.

वजन काट्यावर, पण ओलं आणि वाळलेलं वेगळं लिहा. पावसाळ्यानंतरच्या चिंध्या आणि गाद्या दुप्पट भरतात आणि नोंदवही फुगते. फोटो प्रत्येक वेळी त्याच किलोमीटरच्या दगडावरून, त्याच उंचीवरून. वेगळ्या कोनातून काढलेल्या दोन फोटोंवरून काहीच सिद्ध होत नाही.

आता राडारोडा. हा सहलीवाल्यांचा नाही, डंपरचा आहे. विटांचे तुकडे, फरशी, सिमेंटचा चुरा मोरीत बसला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून वाहतं आणि साइडपट्टी खचते. घमेल्याने उपसायचा हा माल नाही, जेसीबी लागतो, आणि तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडूनच यावा. तक्रारीत ‘मोरी तुंबली’ असं लिहिलं की ती ‘कचरा पडलाय’ यापेक्षा लवकर हलते. सोबत स्थान-वेळ उमटलेले फोटो. गाडी ओतताना दिसली तर लांबून क्रमांक टिपायचा, अडवायची नाही.

डंपरला मागे यायला सपाट, रुंद साइडपट्टी लागते. तिथे ६०-७० सेंटीमीटरचे धोंडे सव्वा-सव्वा मीटरवर, तिसरा हिस्सा जमिनीत गाडून बसवले तर चाक पुढे जात नाही. नुसते ठेवलेले धोंडे डंपरवाले पहारीने ढकलून देतात. गटाराची वाट मोकळी सोडायची, आणि यालाही विभागाची परवानगी लागते. कचरापेटीची सूचना पुन्हा आली आहे : नको. रिकामी करणारा नसेल तर पेटी म्हणजे कचरा इथे टाका असा फलकच.

ओढ्यासाठी लागणार आहे : कप्पे २, मालाचा दोर ४० मीटर, गुडघ्यापर्यंतचे बूट ४ जोड, झाकणाचे पत्र्याचे डबे ६.