पिशव्या तरंगत असताना

पाटीवर धर्मवीर संभाजी महाराज तलाव असं लिहिलंय, पण रिक्षावाल्याला कंबर तलाव म्हणूनच सांगावं लागतं. सोलापुरात विजापूर रोडवरच्या या तळ्यापासून आमचं मंडळ चालत दहा मिनिटांवर. लेझीम हा आमचा खरा धंदा. दहा दिवस गणपती, त्याआधी महिनाभर तालीम, एवढंच आम्हाला येत होतं. मासे नंतर आले.

आले तेही आमच्याच पापातून. एका वर्षी विसर्जनानंतर काही दिवसांनी पहाटे तळ्यावर गेलो तर काठाला पांढरी पट्टी दिसली. जवळ जाऊन बघितलं तर पोट वर करून पडलेले मासे. त्यांच्यात अडकलेल्या हारांमध्ये आमच्या मंडळाची केशरी रिबीनही होती. कुणी काही बोललं नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि दोन दिवस विषय टाळला.

मग कुणीतरी काठावर ट्रकची ट्यूब फुगवत बसलेल्या मामांना विचारलं. मामा भोई समाजाचे, हिप्परग्याच्या एकरुख तलावात आणि उजनीत जाळी टाकून म्हातारे झालेले. ते म्हणाले, "निर्माल्य कुजायला पण हवा लागते बाळा. पाण्यातली हवा ते खातंय, मग माशाला काय राहतंय?" आमच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं की पुढच्या पावसाळ्यात मंडळ तळ्यात मासे सोडणार. आमच्या मंडळात ठराव असेच होतात.

तिथून तळ्याचा रविवार सुरू झाला. पहिला दमदार पाऊस होऊन गेला, तळं थोडं भरलं की पुढचा रविवार. जमायची वेळ पहाटे साडेपाच. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायू ओढत असतात, त्यामुळे उजाडताना पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर तळं आजारी आहे, असं समजायचं. मामांच्या मते ही तपासणी फुकट होती, फक्त अंथरुणातून उठण्याचा खर्च.

पहिल्या वर्षी आम्ही थाटात गेलो. हलगी, लेझीम, नारळ, सगळं. मत्स्यबीज केंद्रातून आणलेल्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, प्लास्टिकच्या फुगीर पिशव्यांत होती. थोडं पाणी आणि वर भरलेला प्राणवायू. अध्यक्षांनी नारळ फोडला, पिशवीची गाठ सोडली आणि सगळं एकदम ओतलं. टाळ्या वाजल्या. पाच मिनिटांत निम्मी पिल्लं आडवी झाली. पिशवीतलं पाणी वेगळ्या उष्णतेचं, तळ्यातलं वेगळ्या, आणि त्या धक्क्यानं ती गेली. लेझीम बंद पडली.

दुसऱ्या वर्षापासून मामांचा कायदा लागू झाला. बंद पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या आणि वीस मिनिटं काही करायचं नाही. मग गाठ सोडून तळ्याचं पाणी ओंजळीनं पिशवीत घालायचं, पुन्हा थांबायचं, आणि शेवटी पिशवी आडवी धरायची. पिल्लं आपली आपण बाहेर पडतात. ढकलायचं नाही.

आमच्या मंडळाला वीस मिनिटं गप्प बसवणं काय असतं ते ज्यानं विसर्जन मिरवणूक बघितली त्यालाच कळेल. पण मला आता आठवतात ती हीच वीस मिनिटं. सगळे पायऱ्यांवर, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. समोर पिशव्या डुलतायत. अक्का स्टीलच्या किटलीतून चहा ओततायत. अक्का तेलुगू, मूळच्या यंत्रमागवाल्या गल्लीतल्या. त्या पिशवीकडं बोट दाखवून चेपलु म्हणायच्या, शेजारचे स्वामी कानडीत मीनु म्हणायचे, आम्ही मासे. एका पिशवीला तीन भाषा, हे सोलापुरात काही विशेष नाही.

त्याच वेळात खजिनदारांचं दरवर्षीचं भाषण व्हायचं. "एकदा सोडले की वाढत नाहीत व्हय? दरवर्षी वर्गणी कशाला?" मामा दरवर्षी तेच उत्तर द्यायचे. रोहू, कटला, मृगळ हे मुळात उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे मासे. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. साचल्या तळ्यात ते जगतात, पोसतात, पण संसार मांडत नाहीत. आणि तिघं भांडतही नाहीत. मामांची मांडणी मला पाठ आहे: "कटला माळ्यावर खातो, रोहू मधल्या खोलीत आणि मृगळ तळघरात." खजिनदार वहीत काहीतरी लिहायचे. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

एकदा एक उत्साही पोरगा कुठूनतरी बादलीभर मासे घेऊन आला. काळे, मिशावाले, दमदार. "फुकटात मिळाले, आणि मरतच नाहीत," म्हणाला. मामांनी बादलीवर झाकण ठेवलं आणि त्यावर बसले. तो मांगूर होता, आफ्रिकेतला. त्याच्यावर सरकारनं २००० सालीच बंदी घातली आहे. हवेतून श्वास घेतो, चिखलात तग धरतो आणि दिसेल ते खातो. त्या बादलीवर बसूनच मामांनी आम्हाला चिलापीची, म्हणजे तिलापिया माशाचीही कुंडली सांगितली. तीही आफ्रिकेचीच, १९५२ साली भारतात आली. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून कितीतरी वेळा विते. "उजनीला जाऊन बघा. चिलापीला कुणी सोडावं लागत नाही, आवरावं लागतंय."

पण मामा खरे चिडले ते वेगळ्याच दिवशी. त्या वर्षी आम्ही जलपर्णी काढायला घेतली होती. ही दक्षिण अमेरिकेची तरंगती वनस्पती, पंधरवड्यात दुप्पट होते आणि पाण्यावर असं छप्पर घालते की खाली उजेडही नाही न् हवाही नाही. ती काढली हे बरोबरच. कंबरभर पाण्यात उभं राहून, साखळी करून, ओल्या गोधडीसारखे तिचे थर ओढले. अंगाला आठवडाभर खाज. पण जोरात आलो आणि काठचं पाणकणीसही उपटून टाकलं. काठ असा चकाचक झाला की फोटो काढले.

मामा आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काय केलाव बे हे? पाळणाच उपटलाव की."

मरळ त्या गवतात घरटं करतो. नर-मादी दोघं राखण करतात. आम्ही विकतची पिल्लं सोडत होतो आणि जो मासा इथं स्वतःहून संसार करतो त्याचं घर साफ करत होतो. त्या दिवशी उप्पीट कुणाच्या घशाखाली नीट उतरलं नाही. खरं तर उप्पीट खारटही झालं होतं, पण तेवढंच कारण नव्हतं.

नंतर रविवारचं रूप बदललं. पिशव्या कमी झाल्या. बाभळीच्या फांद्यांच्या मोळ्या बांधून, दगड अडकवून पाण्यात बुडवायला लागलो. पिल्लांना लपायला जागा, आणि चोरून ओढजाळं फिरवणाऱ्याचं जाळं फाटतं ते वेगळंच. कुंभाराकडची तडकलेली मडकी आडवी ठेवली. काठाचा एक पट्टा दोरी बांधून सोडून दिला. तिथं कुणी पाय ठेवायचा नाही, फोटोही काढायचा नाही, कारण काढण्यासारखं काही दिसतच नव्हतं. जेवणाचा वाद मात्र तसाच राहिला. त्या दिवशी मासे खायचे की नाहीत? शेवटी तह झाला: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. ज्यांना मासे खायचे होते त्यांनी ते सोमवारी खाल्ले.

दोरीच्या पट्ट्यात तिसऱ्या पावसाळ्यात अक्कांना पहिल्यांदा ते दिसलं. पाण्यावर तांबूस बुडबुड्यांसारखी खळबळ होत होती. आम्हाला वाटलं कुणीतरी कुंकू टाकलंय. मामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मरळाची पिल्लं होती, शेकड्यांनी, एकाच घोळक्यात वरखाली होणारी. आणि त्यांच्या खाली एक लांब काळी सावली संथ फिरत होती. हलगीवाल्यानं हलगी उलटी करून गुडघ्यावर ठेवली.

मी आता पुण्यात असतो. दरवर्षी जमत नाही. मागच्या वेळी गेलो तेव्हा मामा खाली पाण्यापर्यंत उतरले नाहीत, वर खुर्चीवर बसले होते. पिशव्या थोड्याच होत्या. खजिनदार बदललेत, भाषण तेच. गल्लीतली एक सातवी-आठवीतली मुलगी मोबाईलवर वेळ लावून बसली होती. वीस मिनिटं झाली तसा मोबाईल वाजला आणि पोरं गाठी सोडायला धावली.

"घड्याळाला काय कळतंय," मामा वरूनच म्हणाले. "हात घालून बघ."

तिनं एक हात पिशवीत घातला, दुसरा तळ्यात. डोळे मिटले. मग मान हलवली.

"अजून गार आहे हे. थांबा थोडं."

पोरं परत पायऱ्यांवर येऊन बसली. अक्कांनी किटली उचलली.